एक्स-रेत न दिसलेली चीर

“एक्स-रे नॉर्मल आलाय” हे वाक्य उच्चारताना माणसाच्या चेहऱ्यावर समाधान असायला हवं. माझ्यासमोर येणारी माणसं ते सांगताना ओशाळलेली असतात. दुखणं तर जात नाही आणि कागदावर काही दिसत नाही, मग आपणच उगाच बाऊ करतोय का, हा प्रश्न घरच्यांच्या आधी त्यांनाच पडलेला असतो.

मी नवी मुंबईत न्यूक्लिअर मेडिसिन विभागात, म्हणजे किरणोत्सारी औषध टोचून शरीराचं चित्र काढतात तिथे, टेक्नॉलॉजिस्ट आहे. रोज सकाळी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडायची, पोचल्यावर किरणांची नोंद ठेवणारा बॅज कोटाला लावायचा आणि त्या दिवसाचं औषध तयार करायचं, असा माझा दिवस सुरू होतो. आमच्याकडे बहुतेक लोक कॅन्सर हाडांत पसरलाय का, हे बघायला येतात. पण काही जण वेगळ्याच कामासाठी येतात. त्यांचं कुठेतरी हाड मोडलंय अशी डॉक्टरांना शंका असते आणि एक्स-रेत ते सापडत नसतं.

कोपरखैरण्याच्या एक आजी अशाच आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, बारीक अंगाच्या. शेअर रिक्षा स्पीडब्रेकरवर जोरात आदळली आणि कमरेच्या खाली, बसायच्या जागी कळ गेली. पडल्या नव्हत्या, काही लागलंही नव्हतं. त्याला तीन आठवडे झाले होते. एक्स-रेच्या रिपोर्टात ‘वयोमानानुसार झीज’ एवढंच लिहिलेलं. आंबेहळदीचा लेप झाला, गरम पाण्याच्या पिशवीचा शेक झाला, शेजारच्या बाईंनी मालिश करून दिलं. मालिशनंतर दुखणं वाढलं. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी बोन स्कॅन लिहून दिला. एमआरआय हा पहिला पर्याय होता, पण आजींचा पेसमेकर जुन्या पद्धतीचा, एमआरआयच्या चुंबकात न चालणारा. सूनबाईंनी काउंटरवर चिठ्ठी देतानाच हळूच विचारलं, “हे कॅन्सरवाल्यांचं आहे ना?”

हे कॅन्सरवाल्यांचंही आहे, पण मुळात हा स्कॅन हाडांचा आहे. तो काय बघतो ते समजलं की अर्धी भीती तिथेच जाते, म्हणून जरा मुळापासून सांगते.

एक्स-रे म्हणजे सावली. किरण शरीरातून आरपार जातात, हाडात जास्त अडतात, मांसात कमी अडतात, आणि पलीकडच्या पडद्यावर त्याची सावली उमटते. हाड मोडून तुकडे सरकले असतील तर सावली तुटलेली दिसते आणि कुणालाही कळते. पण हाडाला नुसतीच चीर गेली असेल आणि दोन्ही कडा एकमेकींना चिकटून असतील, तर किरण बरोबर त्या चिरेच्या रेषेतून गेला तरच ती दिसते. बंद दाराच्या फटीसारखं आहे ते. डोळा नेमका फटीसमोर आला तर पलीकडचा उजेड दिसतो. जरा बाजूला सरकलात की दार अख्खंच वाटतं.

त्यातून हाड बाहेरून टणक असलं तरी आतून जाळीदार असतं. म्हातारपणी ही जाळी विरळ होते. कधीकधी बाहेरचं कवच शाबूत राहतं आणि आतली जाळी चेपते. ती मोड सावलीत उमटतच नाही. काही जागा तर मुळातच अवघड. कमरेचा कणा संपतो तिथलं त्रिकोणी हाड, ज्याला वैद्यकीय मराठीत त्रिकास्थी म्हणतात, ते वाकडं असतं आणि त्याच्या पुढ्यात आतडी आणि आतड्यांतला वायू. एक्स-रेत तिथे नुसता धुरकट पट्टा दिसतो. मनगटातलं नावेच्या आकाराचं छोटं हाड, स्कॅफॉइड, हेही असंच फसवं. हात टेकून पडलं की ते मोडतं, अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा पडतो तिथे दाबलं की दुखतं, आणि पहिल्या दिवशीचा एक्स-रे पुष्कळदा स्वच्छ असतो. या हाडाला रक्त येतं ते बोटांकडच्या टोकाने. मधोमध मोड झाली आणि ती तशीच राहिली तर मागच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटून तो मरू शकतो. म्हणूनच अनुभवी डॉक्टर एक्स-रे चांगला असूनही प्लास्टर घालतात आणि दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायला सांगतात. तेवढ्या दिवसांत शरीर चिरेच्या कडा पोखरायला लागतं, चीर रुंदावते आणि मग सावलीत येते. “पहिल्यांदा नाही दिसलं आणि आता कसं दिसलं?” असा राग पुष्कळांना येतो. पहिल्या फिल्ममध्ये ते खरोखरच नव्हतं.

आता हाडाबद्दल एक गोष्ट, जी शाळेत शिकूनही आपण विसरतो. हाड जिवंत असतं. 1935 साली जॉर्ज द हेवेसी आणि चिविट्झ या दोन शास्त्रज्ञांनी उंदरांना किरणोत्सारी फॉस्फरस खायला दिला आणि तो शरीरात कुठे जातो ते शोधलं. वाढ पूर्ण झालेल्या उंदरांच्या हाडांतही नवा फॉस्फरस शिरत होता आणि जुना बाहेर पडत होता. तोपर्यंत हाड म्हणजे एकदा ओतलेला खांब, अशीच बऱ्याच जणांची समजूत होती. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचाही दरवर्षी साधारण दहावा हिस्सा नव्याने घडत असतो. काही पेशी जुनं हाड खणून काढतात, त्यांच्या मागून दुसऱ्या पेशी येऊन नवं भरतात. या अशा मागोवा घेणाऱ्या पद्धतीसाठी हेवेसींना 1943 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. माझी नोकरी त्या कल्पनेवर उभी आहे, म्हणून नाव घ्यावंसं वाटतं.

हाड कुठेही मोडलं, चीर केसाएवढी असली तरी, शरीर लगेच तिथे दुरुस्तीला लागतं. रक्त वाढतं, हाड बांधणाऱ्या पेशी जमतात, कॅल्शियम आणि फॉस्फेटचा माल तिथे यायला लागतो. आमच्या सोसायटीत कुणाच्या घरी काम निघालंय हे कळायला त्यांच्या घरात डोकवावं लागत नाही. कुठल्या विंगच्या दाराशी वाळू आणि सिमेंटच्या गोण्या पडल्यात ते बघितलं की पुरतं. बोन स्कॅन तेच करतो. चीर दिसत नाही तर न दिसो. माल कुठे उतरतोय ते तो दाखवतो.

त्यासाठी मालाच्या गोण्यांत थोडीशी अशी गोणी मिसळायची की जिचा माग बाहेरून काढता येईल. ही गोणी म्हणजे एमडीपी नावाचं फॉस्फेटसारखं औषध, आणि त्याला बांधलेलं टेक्नेशियम-99एम हे किरणोत्सारी मूलद्रव्य. नवं हाड जिथे घडत असतं तिथल्या ताज्या स्फटिकांवर एमडीपी जाऊन चिकटतं आणि टेक्नेशियम तिथून गॅमा किरण सोडत राहतं. टेक्नेशियमला फॉस्फेटच्या संयुगांशी जोडून हाडांचं चित्र काढायची ही युक्ती 1971 साली अमेरिकेतल्या सिरॅक्यूजमध्ये गोपाल सुब्रमण्यन आणि जॉन मॅकॅफी यांनी मांडली. एमडीपी 1975 सालचं, तेही सुब्रमण्यन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचंच. इतकी वर्षं झाली, जगभर आजही तेच वापरलं जातं.

टेक्नेशियमची कथा मला फार आवडते. आवर्तसारणीत 43 व्या क्रमांकाची जागा कित्येक वर्षं रिकामी होती. मेंडेलीव्हने तिथे काहीतरी असणार हे आधीच सांगून ठेवलं होतं आणि त्याला नाव दिलं होतं ‘एका-मँगनीज’. यातला ‘एका’ म्हणजे आपल्या संस्कृतातला एक. मँगनीजच्या खालचं पहिलं घर, या अर्थाने. 1937 साली इटलीत पालेर्मोला सेग्रे आणि पेरिए या शास्त्रज्ञांना ते सापडलं, अमेरिकेतल्या बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे अणूंच्या कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात, मारा खाल्लेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात. माणसाने कृत्रिमरीत्या मिळवलेलं ते पहिलं मूलद्रव्य, नावही कृत्रिम या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलंय.

आमच्या कामाचं टेक्नेशियम-99एम सहा तासांत निम्मं होतं. मग ते रोज आणायचं कुठून? आम्ही ते साठवत नाही, त्याची आई सांभाळतो. मॉलिब्डेनम-99 हे त्याचं जनक मूलद्रव्य, ते निम्मं व्हायला 66 तास लागतात. शिशाच्या जाड आवरणात, अ‍ॅल्युमिनाच्या छोट्या नळीत ते बसवलेलं असतं. या डब्याला जनरेटर म्हणतात, पण जगभरच्या आमच्या क्षेत्रात त्याला लाडाने गाय म्हणतात. नळीतून सलाइन सोडलं की मॉलिब्डेनम आत धरून राहतं आणि तयार झालेलं टेक्नेशियम सलाइनबरोबर बाहेर येतं. ते दूध. आज सकाळी काढलं की उद्या सकाळपर्यंत गाय पुन्हा भरते, अगदी गोठ्यातल्यासारखीच. दोनेक आठवड्यांत ती आटते आणि नवी येते.

ही गाय येते कुठून, तर त्यातला काही माल अगदी आपल्या शेजारचा. वाशीच्या खाडीपुलावरून मानखुर्दकडे जाताना डाव्या हाताला ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. त्याच्या आसऱ्याला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. (जुन्या लोकांच्या तोंडी ट्रॉम्बेही तुर्भेच, आपल्या स्टेशनच्या तुर्भ्याशी गल्लत नको.) तिथल्या ध्रुव अणुभट्टीत वैद्यकीय वापराचे समस्थानिक तयार होतात, आणि ती व एमडीपीसारखी औषधं देशभर पुरवणारी सरकारी संस्था, ब्रिट, आपल्या वाशीत आहे. पुलावरून लोकलने जाणाऱ्या लाखो लोकांना याची कल्पना नसते. परदेशातूनही जनरेटर येतात. 2009 साली कॅनडातली चॉक रिव्हरची जुनी अणुभट्टी गळतीमुळे वर्षभराहून जास्त बंद राहिली तेव्हा जगभर टेक्नेशियमची टंचाई झाली होती. दूर कुठल्याशा अणुभट्टीची टाकी गळते आणि इथल्या आजीचा स्कॅन पुढे ढकलावा लागतो, इतकी ही साखळी नाजूक आहे.

तर आजींचा दिवस कसा गेला ते सांगते, कारण तुमच्यावर वेळ आली तर तोही असाच जाईल.

उपाशी राहावं लागत नाही. नेहमीच्या गोळ्या घेऊन, नाश्ता करून यायचं. मधुमेह असलेल्यांना तर मुद्दाम सांगते, रिकाम्या पोटी येऊ नका. सकाळी दहाला आजींच्या हातात इंजेक्शन दिलं, साधारण 20 मिलिक्युरी (हे किरणोत्साराचं माप). ऐकायला मोठं वाटतं, पण त्यातल्या टेक्नेशियमचं वजन नॅनोग्रॅममध्ये मोजावं लागतं. सीटी स्कॅनला देतात तसं आयोडीनचं औषध यात नसतं, त्यामुळे मूत्रपिंडांवर भार नाही, आणि अ‍ॅलर्जी क्वचितच होते. अंग गरम होत नाही, चक्कर येत नाही. मनगटाची शंका असेल तर इंजेक्शन आम्ही दुसऱ्या हाताला देतो. एखादा थेंब शिरेबाहेर गेला तर तिथे काळा डाग उमटतो आणि दुखरी जागा म्हणून तोच वाचला जाऊ शकतो. तुमचा कुठला हात दुखतोय हे टोचणाऱ्याला तुम्ही आपणहून सांगितलं तर उत्तमच.

मग तीन तास थांबायचं. हा वेळ कुणालाच आवडत नाही, पण तो गरजेचा आहे. औषधाचा साधारण निम्मा भाग हाडांत बसतो, उरलेला रक्तात आणि मांसात फिरत असतो. तो लघवीवाटे निघून गेल्याशिवाय हाडं उठून दिसत नाहीत. म्हणून भरपूर पाणी प्यायचं आणि पुन्हा पुन्हा लघवीला जायचं. स्कॅनच्या टेबलावर जायच्या आधी तर नक्कीच. आजींच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं होतं, कारण औषध मूत्राशयात साठतं, आणि भरलेलं मूत्राशय ओटीपोटाच्या चित्रात मोठ्या काळ्या गोळ्यासारखं दिसतं. त्याच्या मागे नेमकं आपल्याला बघायचं असलेलं हाड दडतं. कपड्याला लघवीचा थेंब लागला तरी तो चित्रात येतो, तेव्हा जरा सांभाळून जा. आजींना मी तिसऱ्यांदा जायला सांगितलं तेव्हा त्या वैतागल्या. “अगं पोरी, आता काही उरलंच नाही.” पण गेल्या बिचाऱ्या.

गॅमा कॅमेरा हा एमआरआयसारखा बोगदा नसतो आणि तो आवाजही करत नाही. दोन चौकोनी डोकी, एक वर, एक खाली, आणि मधून हळूहळू सरकणारं अरुंद टेबल. हा कॅमेरा स्वतः एकही किरण सोडत नाही. तो फक्त तुमच्या हाडांतून बाहेर येणारे किरण मोजतो. पुढे शिशाची बारीक भोकांची जाळी असते, सरळ येणाऱ्या किरणांनाच ती आत सोडते. मागच्या स्फटिकावर किरण आदळला की क्षणभर प्रकाश चमकतो, तो मोजला जातो. एकेक ठिपका पडत पडत अर्ध्या तासात पांढऱ्यावर काळा असा पूर्ण सांगाडा तयार होतो. किती वर्षं बघतेय, तरी माणूस समोर झोपलेला असताना पडद्यावर त्याचा सांगाडा ठिपक्यांनी भरत जातो ते बघायला मला आजही आवडतं. खिशातली नाणी, मंगळसूत्र, बेल्टचं बक्कल यांच्या जागी पांढरे ठसे राहतात, म्हणून ते आधी काढून ठेवायचं. आजींच्या छातीवर डावीकडे पेसमेकरचा असाच पांढरा ठसा उमटला.

आणि खाली, त्रिकास्थीच्या जागी, काळाभोर एच. दोन उभ्या रेघा आणि मधे एक आडवी, इंग्रजी अक्षरच. आमच्या क्षेत्रात याला होंडा साइन म्हणतात, गाडीवरच्या चिन्हामुळे. ठिसूळ झालेल्या त्रिकास्थीला दोन्ही बाजूंनी उभ्या चिरा जातात आणि मधून एक आडवी त्यांना जोडते. मोठा मार लागावा लागत नाही. रिक्षाचा एक हिसका किंवा बादली उचलताना बसलेला ताण पुरतो. कित्येक बायकांचं हे दुखणं कमरेचं, सायटिकाचं किंवा वयाचं म्हणून महिनोन्महिने निघतं.

अहवाल द्यायचा अधिकार माझा नाही, तो न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांचा. त्यांनी त्याच बैठकीत त्या भागाचं स्पेक्ट-सीटी करून घेतलं. यात कॅमेरा शरीराभोवती फिरून त्रिमितीय चित्र घेतो आणि त्यावर सीटीचं चित्र बसवलं जातं. माल कुठे उतरतोय हे आधीच कळलेलं असतं, आता त्या जागेचा नकाशाही मिळतो. सीटीत बारीक चिरा दिसल्या.

बोन स्कॅनची खरी ताकद ही की तो लवकर बोलतो आणि एकाच वेळी साऱ्या सांगाड्याबद्दल बोलतो. 1979 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे 80 टक्के मोडी 24 तासांत आणि 95 टक्के मोडी 72 तासांत स्कॅनवर दिसल्या होत्या. वय झालेल्यांच्या हाडांत दुरुस्ती उशिरा सुरू होते, म्हणून म्हाताऱ्या माणसाचा स्कॅन पडल्या-पडल्या केला आणि स्वच्छ आला तर तो शेवटचा शब्द मानू नये. तिसऱ्या दिवसानंतर केलेला जास्त भरवशाचा.

तरुणांमध्ये हा स्कॅन जिथे कामी येतो ती गोष्ट वेगळी. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं तुम्ही पहाटे रस्त्यावर बघितली असतील. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर ठरलेल्या वेळेत धावायचं असतं. जाहिरात निघाली की दोन महिन्यांत सगळं जमवायचं म्हणून ती डांबरी रस्त्यावर, साध्या बुटांत, एकदम दुप्पट-तिप्पट धावायला लागतात. मग नडगी दुखते. कळव्याहून असाच एक मुलगा आला होता, एक्स-रे अर्थातच नॉर्मल. त्याच्या आईला वाटत होतं की तो ग्राउंडला, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीला, घाबरून कारणं सांगतोय.

हाडावर नवा ताण आला की ते स्वतःला मजबूत करायला घेतं. पण खणणारे आधी येतात, भरणारे मागून. खणायला दोन-तीन आठवडे लागतात, भरायला तीनेक महिने. रस्ता खणून ठेवलाय आणि त्यावरूनच रोज ट्रक चाललेत, अशी ती मधली अवस्था. धावणं थांबलं नाही तर तिथेच तडा जातो. 1855 साली प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टराने लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पावलांचं वर्णन केलं होतं, ते हेच दुखणं. एक्स-रेचा शोध त्यानंतर 40 वर्षांनी लागला.

अशा रुग्णाचा स्कॅन आम्ही तीन टप्प्यांत करतो. इंजेक्शन देतानाच पहिला मिनिटभर रक्त कसं धावतं ते टिपायचं, पाच-दहा मिनिटांत मांसात किती साचलं ते, आणि तीन तासांनी हाड. नडगीच्या मागच्या कडेने लांबलचक फिकट पट्टा आला आणि पहिले दोन टप्पे स्वच्छ असले तर ते शिन स्प्लिंट, म्हणजे हाडाच्या आवरणावरचा ताण. एकाच जागी ठळक, चकतीसारखा काळा डाग आला आणि तिन्ही टप्प्यांत ती जागा पेटलेली असली तर तडा. दोन्हींत दुखणं सारखंच, पण पहिल्यात थोडी विश्रांती पुरते, दुसऱ्यात धावत राहिलं तर हाड आरपार मोडू शकतं. त्या मुलाला तडा होता. त्याच्या आईने डाग बघितला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या वर्षीचं ग्राउंड त्याला सोडावं लागलं. ते सांगताना डॉक्टरांनाही जड गेलं.

आता या स्कॅनच्या मर्यादा, आणि त्या मी मोकळेपणाने सांगते. काळा डाग म्हणजे तिथे काम चालू आहे, एवढंच. काम कशामुळे चालू आहे हे डाग सांगत नाही. मोड, संधिवात, हाडातला जंतुसंसर्ग, कॅन्सरची गाठ, इतकंच काय, नुकताच काढलेला दातसुद्धा डाग देतो. वाढत्या मुलांच्या हाडांची टोकं तर निरोगी असूनही काळी दिसतात. रिपोर्टात ‘वाढलेला अपटेक’ असे शब्द वाचून मोबाइलवर शोधाशोध करून रात्रभर रडलेली माणसं मी पाहिली आहेत. अपटेक म्हणजे हाडाने औषध ओढून घेणं, तो शब्द कॅन्सरचं दुसरं नाव नाही. डॉक्टर डागाची जागा आणि आकार बघतात. शेजारशेजारच्या चार बरगड्यांवर एका ओळीत ठिपके आले तर माणूस पडलेला असतो किंवा त्याला धक्का बसलेला असतो. कॅन्सरचे डाग बहुधा इकडेतिकडे विखुरलेले, बरगडीच्या लांबीने पसरलेले असतात. जुनी मोडसुद्धा वर्ष-दोन वर्षं काळी दिसू शकते. म्हणून “आधी कधी पडला होतात का?” असं मी विचारते तेव्हा मागचा पावसाळा, त्याच्या मागचा पावसाळा, सगळं आठवून सांगा. जुने एक्स-रे आणि जुने स्कॅन पिशवीत घालून आणा.

आणि सगळ्यांना आधी हाच स्कॅन हवा असंही नाही. आजी-आजोबा पडले, पायावर उभं राहता येत नाही, मांडीच्या सांध्यात दुखतंय आणि एक्स-रे स्वच्छ आहे, तर खुब्याच्या लपलेल्या मोडीसाठी आज पहिली निवड एमआरआय आहे, नाहीतर सीटी. एमआरआयला हाडातली सूज लगेच दिसते, दिवस जाऊ द्यावे लागत नाहीत आणि किरणही नसतात. मनगटाच्या हाडाचंही तसंच. एमआरआय करता येत नसेल, बोगद्यात जीव घाबरत असेल, दुखणं नेमकं कुठे आहे हे सांगता येत नसेल किंवा एकाहून अधिक जागी शंका असेल, तेव्हा बोन स्कॅन. पण कुठलाही तपास होईपर्यंत त्या माणसाला धरून चालवू नका, चोळू नका. न सरकलेली मोड चालण्याने सरकते आणि छोट्या ऑपरेशनचं मोठं ऑपरेशन होतं. हे मी हात जोडून सांगते, कारण “चालवलं की मोकळं होईल” हे आपल्याकडे घराघरात ऐकू येतं.

राहिला किरणांचा प्रश्न. शरीराला किरणांची किती मात्रा मिळाली ते मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. बोन स्कॅनमध्ये ती साधारण 4 मिलिसिव्हर्ट असते. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतच असतात, म्हणजे दीड-पावणेदोन वर्षांची नैसर्गिक मात्रा एका दिवसात. सीटी जोडलं तर आणखी थोडी. शून्य नाही, म्हणून गरज असेल तेव्हाच करायचा. पण न सापडलेल्या मोडीची किंमत याहून कितीतरी जास्त असते. गर्भ राहिल्याची जराशी शंका असली तरी इंजेक्शनच्या आधी सांगायचंच. बाळ अंगावर पीत असेल तर तेही आधी विचारून घ्यायचं.

आजींना दुपारी डॉक्टरांनी समजावलं. ऑपरेशनची गरज नाही, काही आठवडे वॉकर घेऊन बेताने चालायचं, मालिश पूर्ण बंद, आणि हाडांच्या ठिसूळपणावरचे उपचार सुरू करायचे, नाहीतर पुढची चीर खुब्याला जाईल. सूनबाई एकदम गप्प झाल्या होत्या. आजी फिल्म उजेडाकडे धरून तो एच बघत राहिल्या, बोटाने गिरवला. मग निघताना वळल्या. घरी आठ महिन्यांचा नातू होता, आणि मी सकाळीच बजावलं होतं की आजचा दिवस लहान मुलांना मांडीवर घेऊन बसायचं नाही.

“मग कधी घेऊ?”

मी त्यांना हिशेब करून दाखवला. दहाला टोचलं. दुपारी चारला निम्मं, रात्री दहाला पाव, पहाटे चारला दोन आणे. शिवाय पाणी पिऊन जे निघून गेलं ते वेगळंच. सकाळी सहाला दहावा हिस्साही उरणार नाही.

आजींनी आण्यांचा हिशेब बोटांवर पुन्हा एकदा करून बघितला. “म्हणजे सकाळच्या चहाला,” त्या म्हणाल्या, आणि सूनबाईंनी पुढे केलेल्या हाताला धरून हळूहळू लिफ्टकडे गेल्या.